परसातील सशांचे उंदीर-घुशींपासून संरक्षण

ग्रामीण भागात अनेक घरांच्या परसात मुलांच्या हौसेखातर एक-दोन पांढरे ससे पाळलेले आढळतात. कोठे गोठ्याच्या कडेला लाकडी खोक्यात, कोठे अंगणात जाळीच्या कुंपणात, तर कोठे जोड धंदा म्हणून दहा-वीस सशांचे खुराडेही उभे केलेले असते. या सशांच्या बाबतीत एक तक्रार वारंवार ऐकावयास मिळते. मादी रात्री विते, सकाळी पेटीत पिले हालताना दिसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेटी रिकामी आढळते. घरची मंडळी मांजराला दोष देतात, किंवा मादीनेच पिले खाल्ली असे समजून तिला विकून टाकतात. मादी कधी कधी पिले खाते हे खरे असले, तरी ज्या पेटीला कुरतडलेले भोक आहे, ज्या खुराड्याखाली बीळ आहे आणि जेथून पिले नाहीशी होऊनही मागे काहीच उरत नाही, तेथील चोर बहुधा उंदीर किंवा घूस असते.

अशा वेळी सामान्यतः बाजारातून विषाची पुडी आणून खुराड्याजवळ टाकली जाते. या उपायाने चार उंदीर मरतात, पंधरा दिवसांत त्यांच्या जागी दुसरे येतात आणि एखादे वेळी ससा, कोंबडी अथवा कुत्रे मात्र हकनाक बळी पडते. उंदरांच्या बंदोबस्ताचा क्रम उलटा लावल्यामुळे असे घडते. प्रथम अन्न तोडावे, मग आसरा मोडावा, मग खुराडे अभेद्य करावे, त्यानंतर सापळे लावावेत आणि विषाचा विचार सर्वांत शेवटी करावा. हा क्रम का पाळावयाचा, याचे विवेचन पुढे केले आहे.

उंदीर खुराड्याकडे का येतो

उंदीर प्रथम सशासाठी येत नाही. तो येतो खुराड्याखाली सांडलेल्या दाण्यासाठी, वाटीतील पाण्यासाठी आणि गवताच्या उबेसाठी. एक मोठा उंदीर दिवसाकाठी सुमारे २० ते ३० ग्रॅम अन्न खातो. म्हणजे सशापुढे रोज मूठभर खुराक उरत असेल, तर त्यावर दोन-तीन उंदरांचे पोट सहज भरते. अन्न मिळाले की तो जवळच बीळ करतो. मादी उंदीर सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेतात सहा-आठ पिले देते आणि ती पिले तीन महिन्यांच्या आत स्वतः विण्यायोग्य होतात. बिळातील तोंडे वाढली की मग सशाच्या उघड्या, आंधळ्या पिलांवर पाळी येते.

मोठा ससा उंदराच्या तावडीत सहसा सापडत नाही. परंतु रात्रभर चालणाऱ्या वर्दळीने तो घाबरतो, त्याचे खाणे कमी होते आणि गाभण मादी बिथरते. शिवाय उंदरांच्या लेंड्या व मूत्र खुराकात मिसळून रोग पसरतात. तिसरी आपत्ती याहून गंभीर आहे. उंदरांच्या मागावर नाग, घोणस व धामण हे साप परसात येतात. जेथे मुले अंधारात सशाला पाला घालण्यास जातात, तेथे ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

कोणता प्राणी आहे, हे ओळखावे

घरातील काळा उंदीर चपळ व चढणारा असून तो छप्पर, वासे व फांद्यांवरून उतरतो. घूस अंगाने जड असून जमिनीतून पोखरत येते. तिच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या उकरलेल्या मातीचा ढीग असतो आणि बिळात ती धान्याचा साठाही करते. लहान घरउंदीर अगदी बारीक फटीतून शिरतो. चढणाऱ्या उंदरास वरून आणि घुशीस खालून अडवावे लागते, म्हणून ही ओळख आवश्यक आहे.

सशाची लेंडी वाटाण्यासारखी गोल व कोरडी असून फोडली असता गवताचा भुसा निघतो. उंदराची लेंडी लांबट व टोकाला निमुळती असते. दोन्ही एकाच ठिकाणी आढळल्यास उंदराचा वावर निश्चित समजावा. संशय असल्यास संध्याकाळी खुराड्याभोवती चुलीतील चाळलेल्या राखेचा पातळ थर पसरावा. सकाळी पाऊलखुणा व शेपटीची रेघ स्पष्ट दिसते आणि उंदीर कोणत्या वाटेने येतो हेही कळते. बिळे वापरात आहेत की ओस पडली आहेत, हे पाहण्यासाठी सर्व बिळांची तोंडे संध्याकाळी चिखलाने बंद करावीत. सकाळी जी उघडलेली आढळतील तीच चालू बिळे होत. त्यांची संख्या वहीत टिपून ठेवावी. पुढे उपाय केल्यावर फरक पडला किंवा नाही, हे त्याच संख्येवरून ताडून पाहता येते.

पहिली पायरी : अन्न तोडणे

सशापुढील सर्व अन्न रात्री काढून घ्यावे, असा सल्ला काही जण देतात. तो जसाच्या तसा पाळू नये. ससा मुख्यतः संध्याकाळी, रात्री व पहाटे चरणारा प्राणी आहे आणि त्याच्या आतड्याचे काम सतत मिळणाऱ्या तंतुमय चाऱ्यावर चालते. दीर्घकाळ उपाशी राहिल्यास ससा दगावूही शकतो. म्हणून चारा व खुराक यांत भेद करावा. वाळलेले गवत रात्रभर असू द्यावे, कारण कोरड्या गवतावर उंदराची उपजीविका होत नाही. मात्र ते जमिनीवर न पसरता भिंतीला लावलेल्या जाळीच्या गव्हाणीत ठेवावे, म्हणजे त्यात उंदराला घर करता येणार नाही.

दाणा, भरडा, गोळीखाद्य, गाजर व भाकरीचे तुकडे ही उंदराची खरी आमिषे आहेत. खुराक सकाळी द्यावा आणि अर्ध्या तासात संपेल इतकाच द्यावा. उरलेला उचलून झाकणाच्या डब्यात टाकावा. भाकरी-पोळी सशाच्या पोटालाही चांगली नसल्याने ती मुळीच देऊ नये. खुराकाची वाटी जड व उथळ असावी, म्हणजे ससा ती उलथून दाणे सांडणार नाही. खुराड्याखाली पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा ट्रे ठेवून तो दिवस मावळण्यापूर्वी रिकामा करावा. खुराकाचा साठा गोणीत न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा पिंपात ठेवावा. गोणी व पातळ प्लॅस्टिक उंदीर एका रात्रीत फोडतो.

पाणी ठेवणे अपरिहार्यच आहे. परंतु उघड्या वाटीऐवजी खुराड्याच्या आतील बाजूस नळी असलेली बाटली टांगल्यास बाहेरील उंदराला ते मिळत नाही. बाटलीची नळी रोज तपासावी, कारण ती तुंबल्यास ससा तहानलेला राहतो. उन्हाळ्यात मराठवाडा, विदर्भ व खानदेशात परसातील अन्य पाणी आटलेले असते, तेव्हा गळका नळ किंवा भरलेली बादलीही उंदरांना खेचून आणते.

दुसरी पायरी : आसरा मोडणे

उंदीर उघड्या जागेत फिरण्यास बिचकतो. भिंतीच्या, कुंपणाच्या वा अडगळीच्या आडोशाने जाणे त्याला आवडते. म्हणून खुराड्याभोवती निदान एक मीटर जागा मोकळी व झाडलेली ठेवावी. सरपणाचे ढीग, जुन्या विटा, कौले, पऱ्हाट्या व कडबा यांपासून खुराडे दूर असावे. सरपण ठेवणे भागच असल्यास ते दगडांवर फळ्या टाकून गुडघाभर उंचीवर रचावे, म्हणजे खालची जागा दिसेल व झाडता येईल. खुराड्यावर लोंबणाऱ्या फांद्या व वेल छाटावेत. उकिरडा व खताचा खड्डा खुराड्यास लागून नसावा; सशांच्या लेंड्या शेतीस उत्तम खत असल्या, तरी त्यांत मिसळलेले दाणे उंदरांना बोलावतात.

चालू बिळे उंदीर हटल्यावर दगड-चुनखडीने किंवा काचेचे तुकडे घातलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने पक्की बुजवावीत. नुसत्या मातीने बुजविलेले बीळ पुन्हा उकरले जाते.

तिसरी पायरी : खुराड्याची रचना

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. ते झिजविण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. लाकूड, प्लॅस्टिक, कच्ची वीट यांना त्याच्यापुढे टिकाव नाही. कोंबड्यांसाठी वापरली जाणारी षटकोनी जाळी पातळ तारेची व मोठ्या छिद्रांची असते. तिच्यातून उंदराचे पिलू सहज आत शिरते. यासाठी अर्धा इंच, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर, छिद्रांची जाड तारेची व सांधे जोडलेली जस्ताची जाळी वापरावी. लहान घरउंदराचा त्रास असल्यास पाव इंची जाळी लागते. जाळी लाकडी चौकटीच्या बाहेरील बाजूने ठोकावी, म्हणजे उंदराला लाकडाची कड कुरतडण्यास मिळत नाही. दाराची फट सर्वांत धोक्याची असते. दार बंद केल्यावर करंगळीचे टोक जात असेल, तर ती फट पत्र्याच्या पट्टीने बुजवावी.

खुराडे जमिनीपासून निदान पाऊण ते एक मीटर उंच पायांवर असावे आणि भिंतीस टेकलेले नसावे. कोकणात नारळाच्या बुंध्याला उंदीर चढू नये म्हणून पत्र्याची गुळगुळीत पट्टी गुंडाळतात, हे अनेकांनी पाहिले असेल. तीच युक्ती खुराड्याच्या पायांना लागू करावी. प्रत्येक पायाला वरच्या भागात एक वीत दीड वीत रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा किंवा उपड्या नरसाळ्यासारखी पत्र्याची टोपी बसवावी. मुंग्यांसाठी कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, त्यांचा उंदरासाठी उपयोग होत नाही. उंदीर चांगला पोहतो.

खुराड्याचा तळ जाळीचा असल्यास सशाला बसण्यासाठी एक गुळगुळीत फळी द्यावी, अन्यथा त्याच्या पायांना जखमा होतात. ससे जमिनीवरच ठेवावयाचे असल्यास तळाला शहाबादी फरशी सिमेंटने सांधून बसवावी व वर वाळलेले गवत अंथरावे. त्यामुळे घुशीचे पोखरणे व सशाचे उकरणे ही दोन्ही थांबतात. मोकळ्या कुंपणास फरशी परवडत नसल्यास जाळी जमिनीत ३० सेंटिमीटर खोल गाडावी आणि तिचा तेवढाच भाग बाहेरच्या बाजूस काटकोनात वळवून मातीने झाकावा. खोदत येणारी घूस या वळणाशी अडते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उंदराच्या भीतीने काही जण खुराडे चारी बाजूंनी पत्र्याने बंद करतात. सशाला उष्णता सोसत नाही. तो घामाने अंग थंड करू शकत नाही. बंद पत्र्याच्या खोक्यात एप्रिल-मेच्या दुपारी तो उंदराशिवायच मरेल. यास्तव बाजू जाळीच्याच असाव्यात, छपरावर गवताचे किंवा पाचटाचे आच्छादन असावे व खुराडे सावलीत असावे. छपरावरील आच्छादनात उंदीर घर करीत नाहीत ना, हे दर आठवड्यास उचकटून पाहावे.

विणीच्या वेळची काळजी

सशाची मादी ३० ते ३२ दिवस गाभण असते. विण्यापूर्वी ती छातीचा लव उपटून घरटे करते. पिले जन्मतः उघडी असतात व त्यांचे डोळे सुमारे दहा-बारा दिवसांनी उघडतात. मादी दिवसातून एक-दोन वेळाच दूध पाजते आणि एरवी पिलांपासून दूर राहते. त्यामुळे ती पिलांचे रक्षण करील अशी अपेक्षा ठेवू नये. पहिले तीन आठवडे सर्वाधिक जोखमीचे असतात. या काळात विण्याची पेटी जाळीच्या खुराड्याच्या आत असावी, बाहेर जोडलेली नसावी. पेटीच्या लाकडी कडांना पत्र्याची पट्टी मारावी. रोज सकाळी हात स्वच्छ धुऊन पिले मोजावीत व मेलेले पिलू तत्काळ काढावे, कारण त्याच्या वासाने उंदीर येतात. गाभण मादीच्या नोंदीची तारीख लिहून ठेवल्यास विण्यापूर्वीच एक आठवडा जाळी व फटी तपासता येतात.

चौथी पायरी : सापळे

वरील तीन पायऱ्या पूर्ण झाल्या म्हणजे परसातील उंदीर भुकेला होतो आणि सापळ्यात येऊ लागतो. दाणा सांडलेला असताना सापळा लावणे व्यर्थ आहे. उंदीर नव्या वस्तूस बिचकतो. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री सापळा न लावता, नुसते आमिष ठेवून, उघडाच ठेवावा. आमिष घेण्याची सवय लागली की मग तो लावावा. खोबऱ्याचा भाजलेला तुकडा, भजे, शेंगदाण्याचे कूट किंवा सुकट ही आमिषे चांगली. राखेवर जी वाट दिसली त्या वाटेवर, भिंतीस लागून सापळा ठेवावा. चापाचा सापळा नेहमी खोक्याखाली किंवा पन्हळीखाली झाकून ठेवावा, अन्यथा त्यात कोंबडीचे पिलू किंवा मुलाचे बोट सापडते. सापळे एक-दोन न लावता एकाच वेळी आठ-दहा लावल्यास परिणाम लवकर दिसतो. चिकट पाटीवर उंदीर दीर्घकाळ तडफडतो व पाखरे, सरडे, पालीही अडकतात. ती वापरू नये.

मांजर हा उपाय सशांच्या बाबतीत दुधारी आहे, कारण ते पिलांवरही झडप घालते. घुबड मात्र शेतकऱ्याचा खरा मित्र होय. गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्नच उंदीर असल्याने त्यास अशुभ मानून हुसकावू नये. डांबराच्या गोळ्या ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यांनी उंदीर हटत नाहीत, उलट त्यांची वाफ सशाला बाधते.

विष : शेवटचा व मर्यादित उपाय

चालू बिळे फार असून सापळे अपुरे पडत असल्यासच विषाचा विचार करावा. झिंक फॉस्फाइड हे तीव्र विष असून पोटात गेल्यावर त्यापासून विषारी वायू निर्माण होतो. ते एकदा खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषास तोंड लावत नाही. ब्रोमाडिओलोन हे रक्त गोठण्याची क्रिया थांबविणारे विष असून उंदीर काही दिवसांनी मरतो. ही दोन्ही विषे सशासही मारतात. सशाला उलटी करता येत नाही आणि दाण्याच्या आमिषास तो आवडीने तोंड लावतो. उंदीर आमिषाचे तुकडे उचलून नेतात व वाटेत टाकतात, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून खुराड्याखाली, खुराड्यावर किंवा त्याच्या जवळपास विष कधीही ठेवू नये. ते फक्त दूरच्या चालू बिळात खोल सारून बिळाचे तोंड बंद करावे, किंवा कुलूपबंद आमिषपेटीत ठेवावे. वेष्टनावरील सूचना वाचाव्यात, हातमोजे वापरावेत व उरलेले आमिष मोजून परत घ्यावे. धुरीच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घराजवळ व खुराड्याजवळ मुळीच वापरू नयेत. त्यांच्या वायूने माणसेही दगावतात.

मुलाच्या किंवा मोठ्या माणसाच्या पोटात विष गेल्याची शंका आली, तरी लक्षणांची वाट पाहू नये. दूध, तेल, तूप पाजण्यात वेळ न घालवता विषाच्या वेष्टनासह तत्काळ दवाखान्यात न्यावे. ससा, कुत्रे वा मांजर यांस बाधा झाल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात वेष्टन दाखवावे. ब्रोमाडिओलोनच्या बाधेवर के जीवनसत्त्वाचा उपचार उपलब्ध आहे.

माणसांचे आरोग्य

उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो. पावसाळ्यात भातखाचरात काम करणाऱ्या कोकणातील शेतकऱ्यांना हे नाव परिचित आहे. पायाला जखम असताना ओल्या, मलिन जागेत अनवाणी वावरल्यास जंतू शरीरात शिरतात. म्हणून खुराडे साफ करताना पायांत बूट व हातांत मोजे असावेत. ससे प्रथम दुसरीकडे हलवावेत, लेंड्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवाव्यात आणि मग गोळा कराव्यात. कोरड्या झाडून धूळ उडवू नये. मेलेला उंदीर उघड्या हाताने न उचलता पिशवीत घेऊन गुडघाभर खोल पुरावा. मुलांनी सशास हात लावल्यानंतर साबणाने हात धुण्याची सवय लावावी. ताप, तीव्र अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना उंदरांच्या वावराची माहिती अवश्य सांगावी.

एका घराचे नव्हे, आळीचे काम

एका परसातून हटविलेले उंदीर शेजारच्या गोठ्यात जातात व महिन्याभरात परततात. खरिपाची काढणी झाल्यावर शेतातील उंदीर वस्तीकडे वळतात आणि पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्यावरही तसेच घडते. यास्तव मृगापूर्वी एकदा व काढणीनंतर एकदा, अशा दोन वेळी आळीतील सर्व घरांनी एकाच दिवशी बिळे मोजावीत, अडगळ हटवावी व सापळे लावावेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा दिवस ठरवून द्यावा, एका घरी राखेची व बिळे बंद करण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन चालू बिळे मोजावीत. आकडा उतरला नसेल, तर कोणत्या घरी दाणा उघडा राहतो हे शोधावे.

याच निमित्ताने एक गोष्ट समजावून सांगावी. पाळीव ससा हा युरोपातील सशापासून उत्पन्न झालेला असून आपल्या माळरानावरील ससा निराळ्या जातीचा आहे. रानातील सशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून त्याची पिले पकडून परसात आणणे गुन्हा होय.

सशाचे रक्षण हे रोज संध्याकाळच्या दहा मिनिटांचे काम आहे. उरलेला खुराक उचलणे, खालचा ट्रे रिकामा करणे, दाराची खिटी व जाळी हाताने चाचपणे आणि गव्हाणीत गवत घालणे, एवढे ते काम. ते घरातील मुलांकडे सोपवावे व वडीलधाऱ्यांनी पाहून घ्यावे. ज्या परसात उंदराला दिवस मावळल्यावर एक दाणाही सापडत नाही, त्या परसात विषाची पुडी आणण्याचा प्रसंग सहसा येत नाही आणि सकाळी मोजलेली पिले संध्याकाळीही तितकीच भरतात.